दादांचें पथ्य

शब्दांचे प्रवास माणसांच्या प्रवासांहून लांबचे असतात, आणि पुष्कळ वर्षांनीं ते घरीं परतले म्हणजे घरच्यांनाच त्यांची ओळख पटत नाहीं. 'सॉर्बे' हा त्यांतलाच एक शब्द. आमच्या घरीं तो २०१६ च्या वैशाखांत मधल्या सूनबाईच्या तोंडून प्रथम आला. लिंबाचें सरबत गोठवून करावयाचा तो एक फ्रेंच पदार्थ आहे, असें तिनें सांगितलें. आम्ही पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें; तेव्हां शब्द दिसला कीं त्याचें कुळशील विचारावें ही खोड आमच्या अंगीं मुरलेली. अरबी भाषेंत 'पिणें' या अर्थाचा जो धातु आहे, त्यापासून 'शर्बत' हा शब्द निघाला. तो फारसीच्या वाटेनें आपल्याकडे येऊन 'सरबत' बनला, आणि तुर्कांच्या तोंडून इटलींत व तेथून फ्रान्सांत जाऊन 'सॉर्बे' झाला. म्हणजे सरबत आणि सॉर्बे हीं भावंडेंच. त्यांत जी साखर पडते तिचें नांव तर आपल्याच 'शर्करा' शब्दाचें रूपांतर. आणि शर्करा म्हणजे मुळांत वाळू, बारीक खडे. सरबत हा शब्द येण्यापूर्वीं आपले पूर्वज उन्हाळ्यांत काय पीत असत, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. त्यास ते 'पानक' म्हणत, आणि कैरीचें पन्हें करतांना आपण आजही तोच शब्द उच्चारतों.

हें सगळें सूनबाईनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "काका, पण बाबांना तें चालेल का, एवढें सांगा."

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तो प्रश्न कां निघाला, हें वाचकांस कळावयाचें तर आमच्या घराची थोडी माहिती दिली पाहिजे.

आमचें घर चिंचवडगांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून फार दूर नाहीं. आमच्या लहानपणीं पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना पाहुण्यांस मुद्दाम दाखवावयास नेत. तो १९५४ सालचा. पुढें १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, शेतें जाऊन शेडी उभ्या राहिल्या, आणि १९८२ मध्यें येथें महानगरपालिकाही आली. आतां ही कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोंचली आहे. ज्या चाकणचा किल्ला १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या फौजेपुढें लढविला, त्याच चाकणास आमचे दोन पुतणे मोटारींच्या कारखान्यांत कामाला जातात. एकाची पाळी पहाटेची, तर दुसऱ्याची रात्रीची. घरांत माणसें बारा. परंतु पंक्तीला पांच पानांहून अधिक पानें मांडण्याचा योग सणावारींच येतो.

दादा आमचे थोरले बंधु. वडील वारले तेव्हां ते मॅट्रिकच्या वर्गांत होते. शाळा सोडून ते पिंपरीस एका कारखान्यांत फिटर म्हणून लागले. आम्हांस मात्र त्यांनीं मॅट्रिक होऊं दिलें, आणि संध्याकाळीं एका शास्त्रीबोवांकडे संस्कृत शिकावयास धाडलें. शास्त्रीबोवा दक्षिणा घेत नसत. परंतु शिकणाऱ्याच्या पोटांत अन्न असावें लागतें, आणि तें दादांच्या ओव्हरटाइमांतून येत असे. आमचें शब्दरूपावलीपासून पुढचें सर्व शिक्षण त्याच पैशावर झालें आहे.

अशा ह्या दादांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें २०१५ च्या अखेरीस कळलें. आठवड्यांतून तीनदां डायालिसिस सुरू झालें आणि डॉक्टरांनीं पथ्याचा एक कागद हातीं दिला. आपल्याकडे पथ्याचा कागद म्हणजे नकारांची यादी. लोणचें नाहीं, पापड नाहीं, शहाळें नाहीं, बहुतेक फळें नाहींत, मीठ नांवापुरतें. ह्या सर्वांपेक्षां कठीण अट पाण्याची होती. दादांना दिवसभरांत सर्व मिळून एक लिटर. मूत्रपिंडें काम करीत नसलीं म्हणजे प्यालेलें पाणी अंगांतच सांचतें. पाय सुजतात, श्वास लागतो, हृदयावर भार येतो. दोन डायालिसिसांच्या मध्यें वजन किती वाढलें तें काट्यावर पाहून रोग्यानें किती पाणी घेतलें हें रुग्णालयांत तात्काळ ओळखतात. तेथें लपवाछपवी चालत नाहीं.

वहिनींनीं ह्यावर एक युक्ति योजिली. सकाळीं त्या लिटरभर पाण्यानें एक बाटली भरून ठेवीत. दादांनीं चहा घेतला कीं तेवढेंच पाणी बाटलींतून झाडांस ओतीत; आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट, ह्या सर्वांचा हिशेब त्याच रीतीनें होई. बाटलींत जें उरेल तें रात्रीपर्यंत पुरवावयाचें. फाल्गुन-चैत्रापर्यंत हें निभलें. परंतु वैशाख लागला, पत्रे आणि डांबर तापूं लागलें, आणि चार वाजण्यापूर्वींच बाटलीचा तळ दिसूं लागला. दादांनीं कधीं तक्रार केली नाहीं. मात्र कोणी माठाकडे गेलें कीं ते उठून ओटीवर जाऊन बसत. हळूहळू आम्ही सर्वच मंडळी स्वयंपाकघराच्या दाराआड उभें राहून पाणी पिऊं लागलों. ज्या माणसानें ह्या घराला पोसलें, त्याच्या घरांत आम्हांवर पाणी चोरून पिण्याची वेळ आली होती.

दादांना लिंबाचें सरबत अतिशय प्रिय. परंतु आपल्या सरबतांत मीठ हवेंच. आणि मीठ पोटांत गेलें कीं तहान दुप्पट होते. म्हणून तें सर्वांआधीं बंद झालें होतें. सूनबाईच्या प्रश्नाचें मूळ हें असें होतें.

तिनें तो प्रश्न डॉक्टरांपुढें आणि तेथील आहारतज्ज्ञ बाईंपुढें ठेविला. त्यांनीं तीन गोष्टी सांगितल्या. पहिली ही कीं, गोठविलें म्हणून पाणी पाणीपणा सोडीत नाहीं. जेवढें खाल तेवढें बाटलींतून ओतावयाचें. दुसरी, त्यांत मीठ मुळींच नको. तिसरी, लिंबाच्या रसांत पोटॅशियम असतें, म्हणून माप सोडावयाचें नाहीं. पन्नास ग्रॅमच्या वाटींत रस दोन लहान चमचेच येतो, तेवढ्यास हरकत नाहीं. दादांना मधुमेह नव्हता, म्हणून साखरेची आडकाठी आली नाहीं. अशा रीतीनें दिवसांतून दोन वाट्यांची परवानगी मिळाली.

शंभर ग्रॅमनीं काय होणार, असें वाचकांस वाटेल. आम्हांसही वाटलें होतें. परंतु तहान जशी रक्तांत असते तशीच ती तोंडांतही असते. शंभर ग्रॅम पाणी एका घोटांत संपतें आणि क्षणांत विसरतें. तेवढेंच गोठविलेलें असलें तर चमच्याचमच्यानें पाव तास पुरतें. त्याचा गारवा जिभेस आणि टाळूस लागतो, आणि आंबटपणानें लाळ सुटून कोरडें तोंड पुन्हां ओलें होतें. दादांच्या कोरड्या ओंठांना हवें होतें तें नेमकें हेंच.

आतां कृति सांगतों. दहा-बारा रसदार कागदी लिंबें घ्यावींत. आपल्याकडे श्रीगोंद्याचीं लिंबें चांगलीं येतात. राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या एका वाणाचें तर नांवच 'साई सरबती' आहे. लिंबें धुऊन पुसून दोन-तीन लिंबांची वरची हिरवी साल किसणीवर हलक्या हातानें किसून घ्यावी. हिरव्याखालचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊं देऊं नये. मग ६०० मिलिलिटर पाण्यांत ३०० ग्रॅम साखर घालून ती विरघळेपर्यंत तापवावें, खालीं उतरून तींत कीस टाकावा आणि झांकून ठेवावें. पाणी पुरतें निवाल्यावर गाळून घेऊन मग त्यांत २०० मिलिलिटर रस घालावा. रस कढवूं नये. त्यानें त्याचा ताजेपणा जातो. हें सर्व दोन-तीन तास शीतकपाटांत थंड करावें.

साखरेच्या बाबतींत एक इशारा द्यावासा वाटतो. धाकट्या पुतण्यानें आरोग्याच्या उत्साहानें एकदां साखर निम्मी केली, तेव्हां पदार्थाऐवजीं एक ढेंकूळ हातीं आलें. सॉर्बेंत साखरेचें काम केवळ गोडीचें नाहीं. नुसतें पाणी शून्य अंशावर गोठतें. वरील प्रमाणांतलें साखरपाणी शून्याखालीं सुमारें दोन अंशांवर गोठूं लागतें, आणि जसजसें कांहीं पाणी बर्फ होतें तसतसा उरलेला पाक दाट होत जाऊन गोठण्याचें लांबणीवर टाकतो. बर्फाच्या कणांमध्यें हा न गोठलेला पाक राहतो, म्हणूनच चमचा आंत शिरतो. ज्यांस साखर वर्ज्य आहे त्यांनीं ह्या पदार्थाच्या वाटेस न जावें, हें बरें.

गोठविण्यासाठीं आमच्या घरीं दादांचाच जुना पॉट होता. नव्या नोकरींतल्या एका बोनसांतून त्यांनीं तो आंब्याच्या आइस्क्रीमसाठीं घेतला होता. बाहेर लांकडी बादली, आंत धातूचा डबा, डब्यांत लांकडी पातीं आणि वर दांडा. ह्या धर्तीच्या यंत्राचें पहिलें पेटंट अमेरिकेंत १८४३ सालीं नॅन्सी जॉन्सन नांवाच्या एका बाईंनीं मिळविलें. स्वयंपाकघरांतील श्रम ज्यांच्या वांट्यास येतात त्यांनाच ही बुद्धि सुचावी, हें योग्यच झालें. डबा आणि बादली ह्यांच्या मधल्या जागेंत फोडलेला बर्फ आणि जाडें मीठ ह्यांचे थर भरावयाचे. तीन भाग बर्फास एक भाग मीठ.

येथें मिठाचें काम काय, असें घरांतील मुलांनीं विचारलें, तेव्हां आमच्यांतला मास्तर पुन्हां जागा झाला. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेनें एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविलें जातें. मीठ लागलें कीं बर्फ शून्याखालींही वितळूं लागतो, आणि वितळण्यासाठीं लागणारी उष्णता तो जवळच्या डब्यांतून ओढून घेतो. त्यामुळें ह्या मिश्रणाचें तपमान शून्याखालीं एकवीस अंशांपर्यंत उतरूं शकतें. मिठानें थंडी आणण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. बर्फ नसतांना सोरा पाण्यांत विरघळवून त्या पाण्यांत पिण्याचें पाणी गार करण्याची रीत अबुल फझलानें 'आईन-ए-अकबरी'मध्यें नमूद केली आहे. अकबर लाहोरास असतांना उत्तरेच्या पर्वतांतून त्याच्यासाठीं बर्फही येत असे. पुढें १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें तेथील तळ्यांतला बर्फ भुशांत बांधून जहाजानें कलकत्त्यास पाठविला. निघतांना तो १८० टन होता, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यांतला शंभर टनांच्या आसपास शिल्लक राहिला होता. आज तोच बर्फ आम्हांस भोसरीच्या वाटेवर टेंपोंत मिळतो, आणि आपल्याला त्याचें कौतुक वाटत नाहीं.

ह्या बर्फाच्या बाबतींत मात्र सावध राहिलें पाहिजे. मासे किंवा औषधें थंड ठेवण्यासाठीं कारखान्यांतून जो बर्फ निघतो, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असें नाहीं. म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१८ च्या जूनपासून असा अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा करण्याचा नियम घातला. सरबतांत बुडविण्याचा बर्फ शुभ्रच हवा. पॉटांतला बर्फ मात्र डब्याबाहेर राहतो, तो निळा असला तरी भागतें. त्या ज्येष्ठांत निळा बर्फ प्रथमच घरीं आला, तेव्हां बादलीकडे पाहून दादा म्हणाले, "वा, आज बादलींत यमुना आली!"

पॉटाची खरी परीक्षा झांकणाशीं असते. बाहेरचें खारें पाणी चढत चढत झांकणाच्या कडेला येतें. तें थेंबभर आंत गेलें तर चव बिघडते, आणि आमच्या घरीं तर चवीहून मोठी गोष्ट बिघडणार होती. म्हणून बादलीच्या भोंकांतून खारें पाणी वेळोवेळीं काढून द्यावें, आणि उघडण्यापूर्वीं झांकण व त्याची कड ओल्या फडक्यानें आणि मग कोरड्या फडक्यानें नीट पुसावी. हें काम वहिनींनीं पहिल्याच दिवशीं आपल्याकडे घेतलें.

दांडा वीस-पंचवीस मिनिटें न थांबतां फिरवावा लागतो. थांबलात कीं बर्फाचे मोठे खडे बनतात, फिरवीत राहिलात तर कण बारीक राहतात. आमच्या हाताचा वेग प्रारंभीं फार, आणि लौकरच कमी. दादा आरामखुर्चींतून तें पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, तुझे धातु निराळे आणि माझा धातु निराळा. सावकाश फिरव, पण थांबूं नकोस." मग त्यांनीं स्वतः उठून दांड्याच्या दातेरी चाकाला तेल दिलें आणि सैल झालेला खिळा ठोकून बसविला. डायालिसिस सुरू झाल्यापासून त्यांनीं हातांत हत्यार धरलेलें आम्ही प्रथमच पाहत होतों. ज्याच्यासाठीं हें सारें चाललें होतें, तोच आतां त्याचा मुख्य कारागीर झाला होता.

दर रविवारीं चारच्या सुमारास पॉट ओटीवर येऊं लागला. दांडा जड होई तसतसे हात बदलत. पहाटेच्या पाळीचा पुतण्या झोपेंतून उठून येई, रात्रीच्या पाळीचा निघण्यापूर्वीं पांच मिनिटें फिरवून जाई. आणि सॉर्बे तर कोणासाठीं थांबत नाहीं. डबा उघडला कीं ज्यानें त्यानें वाटी घेऊन बसावें लागतें. सणावांचून घरांतली सगळीं माणसें एके ठिकाणीं बसून एकच पदार्थ खात आहेत, असें दृश्य आम्हीं पुष्कळ वर्षांत पाहिलें नव्हतें. पहिल्या रविवारीं वहिनींनीं काट्यावर पन्नास ग्रॅम मोजून वाटी दादांच्या हातीं दिली, आणि बाटलींतून तेवढें पाणी तुळशीला घातलें. दादांनीं पहिला चमचा तोंडांत ठेवून डोळे मिटले. तें पाहून दाराआड पाणी पिण्याची संवय घरांतून आपोआप सुटली. उरलेलें सॉर्बे वहिनी लहान वाट्यांत मोजून भरीत आणि शीतकपाटाच्या वरच्या कप्प्यांत ठेवीत. तें पुढच्या आठवड्याचें दादांचें धन.

ज्यांच्याकडे पॉट नाहीं त्यांनीं हताश होऊं नये. वरचेंच मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यांत घालून बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें. तासाभरानें कडा गोठूं लागल्या कीं कांट्याच्या चमच्यानें खरवडून मध्यें ओढाव्यात, आणि पुढें दर अर्ध्या तासानें तीन-चार वेळां तसेंच करावें. कण थोडे जाड राहतात, परंतु चव तीच. वाढण्यापूर्वीं पांच-दहा मिनिटें बाहेर ठेवावें, म्हणजे चमचा सहज जातो.

दादांनीं असे तीन उन्हाळे काढले. २०१८ च्या कार्तिकांत ते गेले. सॉर्बेनें त्यांचें आयुष्य वाढलें असें म्हणणें अज्ञानाचें होईल; तें काम डायालिसिसानें केलें. सॉर्बेनें एवढेंच केलें कीं, त्या तीन उन्हाळ्यांत दिवसांतून दोन वेळां त्यांस कांहीं आवडीचें मिळालें, आणि तें कोणाची नजर चुकवून नव्हे, तर सर्वांच्या पंक्तीला बसून. आपण पथ्य पाळतों तें बहुधा रोग्यापासून वस्तु काढून घेऊन. कोणती वस्तु पोटांत जावयाची नाहीं हें डॉक्टर सांगतात. परंतु तिच्याचकडून बाहेर राहून कांहीं काम करून घेतां येईल का, हें घरच्यांनींच शोधावयाचें असतें. दादांना मीठ वर्ज्य होतें. त्याच मिठानें बादलींत बसून त्यांच्यासाठीं गारवा आणला. ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं आमच्या मापांवर विसंबूं नये, कारण प्रत्येकाचें पाणी आणि पोटॅशियम निराळें; परंतु आपल्या डॉक्टरांस विचारावें मात्र अवश्य. आम्हांस सूनबाईनें तो प्रश्न विचारला नसता, तर आम्ही शब्दाच्या व्युत्पत्तीवरच थांबलों असतों.

पॉट अजून दर वैशाखांत ओटीवर येतो. लिंबें सूनबाई पिळते, दांडा नातवंडें फिरवितात, बर्फ पुतणे आणतात. आतां घरांत मीठ वर्ज्य असलेलें कोणी नाहीं. तरीही डबा उघडण्यापूर्वीं झांकणाची कड दोन फडक्यांनीं पुसण्याचें काम वहिनींनीं अद्यापि दुसऱ्या कोणास दिलेलें नाहीं.